‘समजलं का?’ असं विचारणं मी का सोडलं

प्रश्न एका तरुण शिक्षकाचा आहे. सातवीला गणित, नोकरीचं तिसरं वर्ष, वर्गात पन्नास मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. ते लिहितात, “शिकवताना मुलं माना डोलावतात, ‘समजलं’ म्हणतात, फळ्यावर बोलावलं तर गणित सोडवूनही दाखवतात. तीन आठवड्यांनी चाचणी घेतली की अर्ध्या वर्गाला हा धडा कधी शिकवलाच नव्हता असं वाटतं. माझं कुठे चुकतंय? मोठमोठे सिद्धान्त नकोत, उद्यापासून काय करता येईल ते सांगा. आणि हो, अभ्यासक्रमही संपवायचाय.”

तुम्ही वाईट शिकवत असाल असं मला वाटत नाही. वाईट शिकवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, तो मुलांना नावं ठेवून मोकळा होतो. तुमची अडचण अशी आहे की मुलांना काय कळलेलं नाही हे तुम्हाला तीन आठवड्यांनी कळतंय, आणि तोवर गाडी दोन धडे पुढे गेलेली असते. हे त्याच तासात कळलं पाहिजे. पाचवी ते आठवीला गणित आणि अधूनमधून विज्ञान शिकवत मला सव्वीस वर्षं झाली. त्यातलं कामाला आलेलं बहुतेक सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न पहिली आठ-दहा वर्षं मी तासाला दहादा तरी विचारत असे. ‘हो बाई’ असा एका सुरात गजर व्हायचा आणि मी फळा पुसायची. मुलं खोटं बोलत नसतात. समोर कोणी हातखंड्याने सोडवून दाखवत असेल तर बघणाऱ्याला ते सोपंच वाटतं. काठावर बसून पोहणाऱ्याकडे बघावं तसं. शिवाय पन्नास जणांत ‘मला नाही कळलं’ म्हणायला थोडंफार कळलेलं असावं लागतं. ज्याला काहीच उमगलेलं नाही त्याला नेमकं काय विचारायचं तेही सुचत नाही, म्हणून तो सगळ्यांच्या सुरात सूर मिसळतो. आणि फळ्यावर येणारी मुलं कोण असतात? तीच पाच-सहा. वर्गाचं चित्र तुम्ही त्यांच्यावरून काढता.

आता मी काय करते ते सांगते. तास संपायला पाच मिनिटं उरली की प्रत्येकाने चतकोर कागदावर एकच गणित सोडवायचं आणि जाता जाता माझ्या हातात द्यायचं. नाव घालायचं, मार्क नाहीत, शेजारच्याचं बघायचं नाही. गणित मात्र मी विचार करून निवडते. वजाबाकीची उजळणी असेल तर ५०३ वजा २६८. मधलं शून्य मुद्दाम घातलेलं आहे.

बरोबर उत्तर २३५. एका वर्षी चुकलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या तर त्यांचे तीन गठ्ठे झाले: ३६५, २६५ आणि ३३५. वहीत या तिन्हींवर मी एकसारखीच लाल फुली मारली असती. नीट बघा, तिघांची दुखणी वेगळी आहेत. ३६५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. ८ मधून ३, ६ मधून ०, ५ मधून २. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ हे वाक्य आपणच खालच्या वर्गात त्याच्या डोक्यात बसवलेलं असतं, आणि त्याने ते इमानेइतबारे पाळलंय. ३३५ वाल्याने शून्याचे ९ केले, एककात १३ केले, पण ज्या ५ कडून उसनं घेतलं तो पाचच ठेवला. त्याला रीत पाठ आहे, देणंघेणं कुठून झालं ते ठाऊक नाही. २६५ वाला शून्याला ओलांडून थेट ५ कडे गेला, त्याचे ४ केले, एककात १३ केले. मग दशकाच्या घरात ० मधून ६ जाईना, तेव्हा ६ तसेच खाली उतरवले.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करून नेमकं हेच दाखवलं होतं. यातल्या पुष्कळ चुका धांदरटपणाच्या नसतात, चुकीचा नियम मूल नेमाने पाळत असतं. मला हे कळलं तेव्हा शिक्षकी पेशात बारा वर्षं झाली होती. तोवर ‘नीट लक्ष दे’ हा शेरा मी किती वह्यांवर लिहिला असेल, देव जाणे. त्या मुलांचं लक्ष होतंच.

दुसऱ्या दिवशी या तिघांना तीन वेगळी भाषणं द्यायची गरज पडली नाही. काड्या आणल्या. शंभराचे पाच गठ्ठे, प्रत्येकात दहा-दहाच्या दहा जुड्या, आणि तीन सुट्या काड्या. ‘यातून दोनशे अडुसष्ट काढून दे.’ एका मुलीने सुट्या तीन काड्यांकडे पाहिलं, जुड्या शोधल्या, सुटी जुडी एकही नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. वर्गही थांबला. मग तिने शंभराचा एक गठ्ठा सोडला, दहा जुड्या झाल्या, त्यातली एक सोडून सुट्या दहा काड्या केल्या. जुड्या उरल्या नऊ. मागच्या बाकावरून आवाज आला, “हां, म्हणून नऊ!” तो ३३५ वाला होता. पाचाचे चार का होतात हे मला सांगावंच लागलं नाही, टेबलावर चारच गठ्ठे राहिले होते.

पन्नास चिठ्ठ्या चाळायला मला दहा मिनिटं लागतात. पन्नास वह्या तपासायला दोन तास लागायचे, आणि त्या दोन तासांतून मला यातलं काही कळत नसे.

वह्यांचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकते. सगळं तपासायचं, प्रत्येक पानावर मार्क द्यायचे, खाली शेरा लिहायचा, हे मी कमी केलं. रुथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. वर्गात बघा, वही हातात आली की मूल आकडा बघतं, शेजारच्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं. तुम्ही रात्री बसून लिहिलेल्या दोन ओळी तशाच राहतात. म्हणून मी आता ‘या पाचांतली दोन चुकलीत, कोणती ते शोधून दुरुस्त कर’ एवढंच लिहिते. शोधायचं काम त्याचं. पालकांना सुरुवातीला हे रुचत नाही, ‘बाई वह्या तपासत नाहीत’ अशी कुरकुर येते. पहिल्याच पालकसभेत समजावून सांगितलेलं बरं.

वर्गात प्रश्न विचारतानाही एक छोटा बदल करा. हात वर करायला लावू नका. प्रश्न आधी विचारा, थांबा, आणि मग नाव घ्या. आपण उलटं करतो. नाव आधी घेतलं की उरलेली एकोणपन्नास मुलं सुटतात. मी डब्यात नावांच्या चिठ्ठ्या ठेवते आणि एक उचलते. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यातच टाकते, नाहीतर एकदा उत्तर दिलेलं मूल तासभर निवांत होतं. थांबणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, असं त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं. तीन सेकंद वाचायला काहीच नाहीत. पन्नास मुलांसमोर शांत उभं राहून बघा, युग लोटल्यासारखं वाटतं. मी पायाच्या बोटांवर मोजायचे. एक, दोन, तीन, चार. आणि ‘माहीत नाही’ आलं तर पुढच्याकडे जा, पण पुढच्याचं उत्तर आलं की पहिल्याकडे परत या आणि तेच त्याच्या शब्दांत सांगायला लावा. चार दिवसांत वर्गाला कळतं की ‘माहीत नाही’ म्हटल्याने सुटका होत नाही.

प्रश्न निवडण्यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे, तीही ऐका. दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर मी विचारलं, ‘०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?’ मुलांनी पाट्या वर केल्या. जवळजवळ सगळ्यांच्या पाटीवर ०.४. मी खूश. पुढच्या आठवड्यात कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांनी ‘दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी’ असा नियम स्वतःच बनवला होता. ‘दशांश मोठा, शतांश लहान’ असं मीच सांगितलं होतं, त्यातून त्यांनी तो काढला. माझ्या प्रश्नात चुकीच्या नियमानेही बरोबर उत्तर येत होतं. आता मी जोड्या विचारते. आधी ०.४ आणि ०.३५. ‘लांब ती मोठी’ समजणारं मूल इथे पकडलं जातं, कारण ते पस्तीस आणि चार यांची तुलना करतं. लगेच पाठोपाठ ०.३ आणि ०.४५. इथे ‘आखूड ती मोठी’ समजणारं सापडतं. प्रश्न तयार झाला की स्वतःला विचारायचं, अडाण्यासारखा विचार करूनही याचं बरोबर उत्तर येईल का? येत असेल तर प्रश्न बदला.

हे झालं न कळण्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग विसरण्याचा आहे. तिथे मुलांवर किंवा स्वतःवर चिडून उपयोग नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते छापले. नवं पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने उतरतं, मग उतरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे तुमची सातवी जगावेगळी नाही. प्रश्न इतकाच की विसरायला सुरुवात झाल्यावर त्या गोष्टीला पुन्हा हात कधी लावायचा आणि कसा.

‘कसा’ याचं उत्तर बऱ्याच शिक्षकांना पटत नाही. आपण उजळणी म्हणजे पुन्हा शिकवणं किंवा पुन्हा वाचणं समजतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पुस्तक मिटून डोक्यातून ओढून काढण्याची जी धडपड असते तीच ती गोष्ट पक्की करते.

म्हणून माझ्या प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं ठरलेली आहेत. मी हजेरी घेईस्तोवर फळ्यावर चार प्रश्न असतात. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा आणि एक मागच्या इयत्तेतला. पुस्तक बंद, मागची वही बंद. उत्तरं आपापली तपासायची, मार्क कुठेही नोंदवायचे नाहीत. मार्क आले की भीती येते आणि शेजारच्या वहीत डोकावणंही येतं. पहिले पंधरा दिवस चौथा प्रश्न कोणालाच येत नाही. घाबरू नका आणि तिथेच पुन्हा शिकवायला बसू नका. एका ओळीत उत्तर सांगा, आणि तोच प्रश्न आकडे बदलून तीन दिवसांनी परत टाका.

सरावाबद्दल एक गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या रचनेमुळेच बिघडते. क्षेत्रफळाच्या धड्याखाली क्षेत्रफळाचीच वीस गणितं. मूल पहिली दोन वाचून सोडवतं, उरलेल्या अठरात फक्त आकडे बघून गुणाकार करतं. प्रश्नात काय विचारलंय हे वाचायची गरजच राहत नाही, मथळ्याने ते आधीच सांगून टाकलेलं असतं. चाचणीत मथळा नसतो. तिथे ‘मैदानाला कुंपण घालायचंय’ आलं की निम्मी मुलं लांबी गुणिले रुंदी करतात. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात घनफळाच्या चार प्रकारच्या गणितांचा सराव होता. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सगळे प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर होते आणि मिसळवाले ६३ वर. तुमच्या कोड्याचं मोठं उत्तर मला इथे दिसतं. सराव बरा चाललाय असं ज्या दिवशी वाटतं, त्या दिवशी मुलं बहुधा एकच चाकोरी गिरवत असतात. नवा प्रकार शिकवला त्या दिवशी पाच-सहा गणितं सलग द्या, तेवढी लागतातच. उरलेली पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या धड्यांच्या गणितांत मिसळून वाटा. नवं काही छापायला नको, स्वाध्यायातल्या क्रमांकांची उलटापालट पुरते. कधी कधी मी सोडवायलाही लावत नाही. दहा गणितं देते आणि ‘कुठे परिमिती, कुठे क्षेत्रफळ, एवढंच लिहा’ म्हणते.

अगदी नवा भाग असेल तर ‘आता तुम्हीच करून बघा’ असं फार लवकर म्हणू नका. पहिलं गणित पूर्ण सोडवून दाखवा. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी ठेवा, तिसऱ्यात शेवटच्या दोन, चौथं सगळं त्यांचं. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. रीत आणि शोध दोन्ही एकदम मागितलं तर दोन्ही सांडतं.

उपक्रमांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. एका वर्षी विज्ञानात ज्वालामुखीची प्रतिकृती करून घेतली. चार तास गेले, कागदाचा लगदा, रंग, सोडा, व्हिनेगर, प्रदर्शनात वाहवा. महिन्याने विचारलं, खरा ज्वालामुखी का उसळतो? निम्म्या वर्गाने लिहिलं, सोडा आणि व्हिनेगरमुळे. मुलांचं डोकं ज्यात गुंतलं तेच त्यांच्याकडे राहिलं, आणि ते गुंतलं होतं लगद्यात. उपक्रम करू नका असं मी म्हणत नाही. आखताना एवढं बघा की मुलं हात चालवत असतील तेव्हा मनात नेमका कशाचा विचार करत असतील. गटाचंही तेच. चारच्या गटात एक लिहितो, एक बोलतो, दोघं खिडकीबाहेर बघतात. मी जोड्या लावते. दोघांत लपायला जागा नसते.

‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ अशी वर्गवारी करून तीन प्रकारचे पाठ तयार करायला कोणी सांगितलं असेल तर तो वेळ वाचवा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं आणि तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही असं लिहिलं. त्रिकोण प्रत्येकाने बघावाही लागतो आणि त्याबद्दल बोलावंही लागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पन्नासांच्या वर्गात ती असणारच. सात-आठ मुलं अशी असतील ज्यांना प्रश्न वाचताच येत नाही, किंवा साधा भागाकारही येत नाही. वरचं सगळं केलंत तरी त्यांच्यापर्यंत ते पोचणार नाही. त्यांना सातवीचं बीजगणित रोज थोडंथोडं ऐकवणं ही क्रूर थट्टा आहे. त्यांच्यासाठी वेगळी वीस मिनिटं लागतात, शाळा भरण्याआधी किंवा ग्रंथालयाच्या तासाला, इयत्ता बाजूला ठेवून त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे. हे एकट्याने वर्षभर निभत नाही, माझंही दोनदा अर्ध्यावर सुटलं. तिसऱ्या वेळी भाषेच्या शिक्षिकेशी वाटणी केली. तीन दिवस ती वाचन घेई, तीन दिवस मी आकडेमोड. तेव्हा ते टिकलं.

राहिला अभ्यासक्रम. पाच मिनिटं सुरुवातीला, पाच शेवटी, म्हणजे पस्तीसातली दहा गेली, हे गणित तुम्ही एव्हाना केलं असेल. पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही समांतर तुकडीच्या मागे पडाल. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे दाखवा. ‘मुलांना येत नाही’ या वाक्यापेक्षा ३६५चा एकोणीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा जास्त बोलतो. परीक्षेआधी आम्हाला उजळणीला तीन आठवडे लागायचे, हे सुरू केल्यावर आठ-नऊ दिवसांत भागू लागलं. वेळ तिथे परत मिळतो.

सगळं एकदम सुरू करू नका. उद्यापासून फक्त शेवटची चिठ्ठी घ्या. महिन्याने तास सुरू होतानाचे चार प्रश्न. मिश्र सराव पुढच्या सत्रात. चिठ्ठ्या रद्दीत टाकू नका. धड्याचं नाव आणि तारीख घालून, चुकांप्रमाणे गठ्ठे करून पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षी तोच धडा शिकवायच्या आदल्या संध्याकाळी ते पाकीट उघडा. कुठे अडणार, किती अडणार आणि फळ्यावर पहिलं गणित कोणतं घालायचं, हे तुमच्या याच मुलांनी तुम्हाला लिहून दिलेलं असेल.